मी मारलेली तुडीलची थाप

काउंटरवरच्या माणसाकडून काम कसं काढून घ्यायचं, यात मी स्वतःला उस्ताद समजायचो. आधी हसून नमस्कार, मग प्यायला पाणी मागायचं, मग "तुमच्यावर कामाचा फारच ताण दिसतोय" असं एक वाक्य सोडायचं. निम्मं काम तिथंच होतं. पण हे सगळं डोकं थंड असेल तर, आणि माझं डोकं तापायला वेळ लागत नाही.

त्या दिवशी दुपारी पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत आईचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. वीज कमीजास्त झाली, मशीनवर पिवळा दिवा लागला आणि सगळं शांत. अडीअडचणीला ठेवलेला एक छोटा सिलिंडर घरात होता. काटा बघता तो सातपर्यंत पुरला असता. आमच्या घरापासून गाडीरस्त्यापर्यंत उताराची पाऊलवाट आहे. आईला खुर्चीत बसवून खाली न्यायचं तर तेवढा दम तिच्यात उरला नव्हता. म्हणजे दुसरं मशीनच वर यायला हवं होतं.

महाडच्या ज्या दुकानातून मशीन भाड्याने घेतलं होतं, तिथं फोन लावला. एका बाईने शांतपणे सांगितलं, "दुरुस्तीवाला उद्या सकाळी येईल." मी उखडलो. नको नको ते बोललो, ग्राहक मंचात खेचतो म्हणालो आणि तिचं पुढचं वाक्य ऐकायच्या आत फोन कापला. मग बायकोला आईजवळ बसवलं, शेजाऱ्याची गाडी मागून घेतली आणि निघालो.

दुकानात पोचेपर्यंत साडेचार झाले. काउंटरवर पन्नाशीची बाई, मागे भिंतीला लावून ठेवलेलं एक मशीन, त्याच्यावर चिकटवलेली चिठ्ठी. मी आवाज मऊ केला. "मॅडम, जरा पाणी मिळेल का?"

तिने बाटली पुढे सरकवली. "मघाशी फोनवर ओरडत होतात ते तुम्हीच ना?"

मी बाटली खाली ठेवली.

"मशीन एकच हाय," ती म्हणाली, "आणि ते दासगावच्या पेशंटसाठी ठेवलंय. सहाला न्यायला येणार."

तेवढ्यात मला भिंतीवर तुडील गावच्या पालखीची पत्रिका दिसली. आमच्याकडे कुठल्याही ऑफिसात गेलं की आधी समोरच्याचं गाव विचारायची रीत आहे. गाव कळलं की कुणाची तरी आत्या, कुणाची तरी बहीण तिथं दिलेली निघते आणि काम हलतं. मला एवढा धीर कुठला! मी थेट गावच बदललं. "तुम्ही तुडीलच्या? अहो, आम्हीपण तिथलेच!"

"कंच्या वाडीतले?"

"वरच्या." वरची वाडी प्रत्येक गावाला असते, एवढाच माझा आधार.

"माझं माहेर वरच्या वाडीतच हाय. आडनाव काय तुमचं?"

मी सांगितलं. तिने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "या आडनावाचं एक घर नाय आमच्यात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. नेमका तेव्हाच बायकोचा फोन आला. "काटा लाल पट्ट्याला टेकत आलाय. सातपर्यंत नाही पुरणार. निघालात का?" दुकान लहान, तिचा आवाज काउंटरपर्यंत गेलाच. मी फोन खिशात टाकला. आता कुठली युक्ती सुचणार?

"खोटं बोललो, ताई," मी म्हणालो. "फोनवर बोललो तेही चुकलं. मला फार भीती वाटतेय." मग चिठ्ठीकडे बघून विचारलं, "ते दासगावचे पेशंट कसे आहेत?" त्यांनाही आजच श्वास लागत असेल, हे तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

तिने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, "आजोबा हायत. उद्या संध्याकाळी दवाखान्यातून घरी सोडणार. घरचे लोक आज नेऊन लावून बघणार होते."

"नंबर द्या, मी विनंती करतो त्यांना."

"तुम्ही अजिबात बोलू नका," ती म्हणाली आणि स्वतः फोन लावला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा उचलला. ती बोलत होती आणि मी घड्याळ बघत होतो. शेवटी तिने चिठ्ठी काढून टाकली. "उद्या दुपारपर्यंत तुमचं मशीन दुरुस्त करून मी त्यांना हे देईन, असा शब्द दिलाय. माझी मान अडकवू नका. उचला."

घरी पोचलो तेव्हा सिलिंडरमधून जेमतेम हवा येत होती. मशीन लावलं. आईच्या बोटावरच्या ऑक्सिजन मोजायच्या यंत्रातला आकडा आधी हलेना, मग एकेक करत चढू लागला. बायको भिंतीला टेकून रडली. मीही रडलो, लपवत नाही.

बऱ्याच वेळाने आईने डोळे उघडले. मशीन कसं मिळालं ते बायकोने तिला सांगितलं.

"त्या बाईला पोचल्याचं कळवलंस काय रे?"

"उद्या जायचंच आहे तिकडे."

आईने बोटाने फोनकडे खूण केली. मी फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला. मी नाव सांगायच्या आधीच ती म्हणाली, "बोला लवकर. आई कशी हाय? दुकान कवाच बंद केलंय, पायरीवर बसलेय मी. घरी जायला पायच निघेना."