काजूच्या नक्षीचा कांगा

झाफरानी शुक्रवारी गेली, आणि शनिवारी सकाळी बीबी झुवेनाचा थोरला मुलगा नासर झाफरानीची पेटी न्यायला दारात उभा राहिला.

दार उघडलं ते सुबिराने. ती आणि झाफरानी दोघी एकेकाळी बीबीच्या गुलाम. एकाच गलबतातून झांझिबारला आलेल्या, एकाच अंगणात वाढलेल्या. गुलामीत दोघींना एकच कापड ठाऊक, काळपट निळं, काखेखाली गुंडाळायचं. डोक्यावर काही घ्यायचं नाही. बाईचं डोकं उघडं दिसलं की ती कोणाच्या तरी मालकीची आहे हे लांबूनच कळतं. लहानपणी सुबिराने बीबीची वाळत घातलेली ओढणी गंमत म्हणून डोक्यावर टाकली, तर बीबीने तिचं डोकंच भादरून टाकलं. "आता घे काय घ्यायचंय ते," म्हणाली.

सरकारने गुलामी मोडली तेव्हा दोघी खाडीपलीकडच्या वस्तीत झावळ्यांच्या खोपटात राहायला गेल्या. लवंगांचे देठ खुडायचे, लोकांचे कपडे धुवायचे. पहिली मजुरी हातात पडली तशी झाफरानीने चूल पेटवायच्या आधी कांग्याची, रंगीत छापील कापडांची, जोडी आणली. एक कमरेला गुंडाळला, एक डोक्यावरून घेतला आणि बाजारातून तीन फेऱ्या मारून आली.

"लोक बघत होते का गं?" सुबिराने विचारलं.

"बघत होते म्हणजे काय! एका म्हाताऱ्याने सलाम केला. मला कोणाची तरी बेगम समजला मेला."

हसून हसून दोघींच्या पोटात दुखलं.

मग वेडच लागलं. नव्या नक्षीचा माल बोटीतून उतरला की हिंदी व्यापाऱ्याच्या दुकानापुढे बायकांची झुंबड, आणि झाफरानी सगळ्यांच्या पुढे. पोटाला चिमटा घ्यायची, पण कांगा सोडायची नाही. बारा वर्षांत पेटीचं झाकण बसेना.

तीच पेटी आता नासरचा हमाल उचलत होता.

"आमच्या घरची गुलाम बिनवारशी मेली तर वारस आम्ही," नासर म्हणाला.

"वारस सोडणारा असतो. तुम्ही कुठे सोडलंत तिला? सरकारने सोडवली."

"जीभ लांबलीय तुझी. माझ्या आईने तुझं नाव सुबिरा ठेवलं, म्हणजे सबुरी, पण ती काही आली नाही तुला." त्याची नजर तिच्या डोक्याकडे गेली. "हा कोणाचा?"

मयतीला बसताना सुबिराने मैत्रिणीचाच कांगा डोक्यावरून घेतला होता. अजून त्याला झाफरानीच्या अंगाचा वास होता. खोटं बोलायचं तिला सुचलं नाही.

"तिचा."

"मग उतरव."

गल्ली माणसांनी भरली होती. शेजारीण मोझा समोरच उभी होती. तिने मान वळवली. सुबिराने कांगा उतरवला. नासरने तो नीट घडी घालून पेटीत ठेवला, आणि ती उघड्या डोक्याने, उघड्या खांद्यांनी तिथेच उभी राहिली. पुरी पन्नाशीची बाई.

पुढच्या आठवड्यात बीबीच्या नारळाची गाडी वस्तीतून गेली. गाढवाच्या खोगिराखाली झाफरानीच्या जांभळ्या कांग्याच्या चिंध्या होत्या. सुबिराने तो कांगा स्वतःच्या हाताने कितीदा तरी धुतला होता.

त्याच दिवशी तिने आपली पेटी उघडली. तिच्याकडे नऊ जोड्या होत्या. अंगावरची ठेवली, बाकीच्या शेजारपाजारी वाटून टाकल्या.

"माझ्या मढ्यावर त्यांना काही सापडता कामा नये," प्रत्येकीला सांगत सुटली. सगळ्यात चांगली जोडी, तांबड्यावर काजूच्या नक्षीची, मोझाला दिली. "ईदपुरता लागला तर मागेन हो."

"अगं, असं काय बोलतेस? तुझाच आहे तो," मोझा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं.

चार वर्षं गेली. सुबिराचे गुडघे धरले, नजर मंद झाली, लवंगा खुडायला कोणी बोलावेना. अंगावरचा कांगा विरून जाळी झाला. ईद दोन दिवसांवर आली तेव्हा ती काठी टेकत मोझाकडे गेली. मोझाकडे मुलीचे सासरचे लोक आले होते. पडवीत बायकांची बैठक भरली होती.

"मोझा, तो कांगा दे ना ईदपुरता. परत करीन."

"कुठला कांगा?"

"काजूवाला. तुझ्या अंगावर आहे तो."

बायका वळून बघायला लागल्या. मोझाने डोक्यावरचा कांगा सावरला आणि विहिणीकडे पाहून हसली.

"म्हातारीचं डोकं फिरलंय हो. बीबी झुवेनाकडची गुलाम ना ही. जन्मात स्वतःचं काही नव्हतं, आता दुसऱ्याचं दिसेल ते आपलंच वाटतं."

सगळ्या हसल्या.

"आणि तुझी आई काय सुलतानाची बहीण होती?" सुबिरा म्हणाली. "एका दावणीला होतो आम्ही."

हसू थांबलं. विहिणीने मोझाकडे नीट निरखून पाहिलं. मोझाचा चेहरा काळाठिक्कर पडला. पण ती ओरडली नाही. शांतपणे मुलीला म्हणाली, "सकाळचा भात उरलाय तो दे हिला. बाहेर पायरीवर बसव."

सुबिराला उठून जायचं होतं. पण दोन दिवस पोटात काही नव्हतं. ती पायरीवर बसली आणि जेवली. आत पुन्हा गप्पा सुरू झाल्या, तिच्या काठीबद्दल, तिच्या चालण्याबद्दल. कोणीतरी तिच्या आवाजाची नक्कल केली.

ताटली रिकामी झाली तेव्हा आतून मोझाने हाक मारली, "ती घासून ठेव गं जाताना."

सुबिराने राख घेतली आणि घासायला बसली.