सावनीचं लायसन्स

गुरुदत्तकाका निवृत्त झाले ते फक्त कागदोपत्री. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या गाड्यांच्या कंपनीचे सर्व्हर त्यांनी आयुष्यभर सांभाळले. आता डॉक्टर नीलांबरींच्या डोळ्यांच्या क्लिनिकचा एकुलता एक सर्व्हर सांभाळतात. मोबदला म्हणून क्लिनिकमधले जुने कम्प्युटर मागून घेतात. घरी बेसमेंटमध्ये बसून ते कोरे करतात, दुरुस्त करतात आणि महाराष्ट्रातून शिकायला आलेल्या आम्हा पोरांना देऊन टाकतात. ज्याला द्यायचा त्याचंच नाव त्या मशीनला देतात, अगदी बारसं केल्यासारखं! माझ्या खोलीवर आहे त्याचं नाव 'सावनी'. जरा घरघरतो, पण माझा सगळा थीसिस त्यावरच चाललाय.

परवा मी चष्म्याचा नंबर तपासायला क्लिनिकमध्ये गेले. डोळ्यांत थेंब घातलेले, समोर नुसतं धुकं. तपासणीच्या खोलीत नवाकोरा कम्प्युटर बसवलेला, आणि तो काही केल्या सर्व्हरला जोडला जाईना. माझी फाइल सर्व्हरवर, बाहेर पेशंट ताटकळलेले.

"काका, कालच तर तुम्ही सेटअप केलात ना?" डॉक्टरांचा आवाज चढला.

काकांनी केबल तपासली, पासवर्ड तपासला, मग सर्व्हरवर जाऊन सॉफ्टवेअरची लायसन्स मोजली.

"डॉक्टर, चूक माझी आहे," ते म्हणाले. "सर्व्हरला जोडायच्या प्रत्येक मशीनला एक लायसन्स लागतं. पोरांचे कम्प्युटर देण्याआधी मी ते इथल्या सर्व्हरला जोडून टेस्ट करायचो. प्रत्येकानं एकेक लायसन्स धरून ठेवलंय. या नव्याला उरलंच नाही."

"म्हणजे क्लिनिकची लायसन्स कॉलेजांतून फिरतायत?"

"पेशंटच्या माहितीतलं एक अक्षरही बाहेर गेलेलं नाही. पण लायसन्स गेली."

आता डॉक्टर काकांना एकही कम्प्युटर देणार नाहीत, असं मी धरूनच चालले. ऑगस्टमध्ये नवी पोरं यायची होती, आणि काकांचा तर जीव त्या बेसमेंटमध्ये.

काका माझ्याकडे वळले. "सावनी, तुझं लायसन्स परत घेऊ का गं?"

माझ्या कम्प्युटरला त्याचा पत्ताही लागणार नव्हता. मी तो क्लिनिकला कशाला जोडतेय? तरी हा माणूस दिलेली वस्तू न विचारता काढून घेईना. "घ्या ना काका," मी म्हटलं. मला भरून आलं. थेंबांमुळे डोळे आधीच ओले होते म्हणून निभावलं.

नवा कम्प्युटर जोडला गेला, माझी फाइल उघडली. नंबर वाढला होता, तो भाग वेगळा.

तपासणी आटोपल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "काका, यापुढे आमच्या सर्व्हरवर टेस्टिंग बंद. एकदम बंद."

"बंद," काका खाली मान घालून म्हणाले.

"आणि या खोलीतला जुना कम्प्युटर काउंटरखाली ठेवलाय. त्याचं नाव ठरलंय का?"

"उर्वी," काका लगेच म्हणाले.