शिव्या देत वाचलेली कादंबरी

आनंदीबाईंना त्या कादंबरीतल्या नायकाचा मनस्वी तिटकारा होता. पुस्तकातलं त्याचं नाव त्यांनी एकदाही उच्चारलं नाही. त्याला त्या उसासेराव म्हणत.

"पानापानाला उसासे टाकतो मेला. कुणीतरी दम्याचं औषध द्या रे याला!"

हे ऐकायला दुपारी मागच्या पडवीत दोघी असत, शेजारची काशी आणि घरी कामाला येणारी तुळसा. अंगणात आंब्याची साठं वाळत, त्यावरचे कावळे हाकायला कुणाला तरी बसावं लागेच. पुस्तक काशीचं. तिच्या नवऱ्याने मुंबईहून येताना आणलेलं, पुठ्ठा फाटलेलं. बायको चित्रं बघेल असं त्याला वाटलं. काशीला अक्षर येत नव्हतं आणि चित्रं निघाली दोनच. म्हणून ते आनंदीबाईंकडे आलं.

आनंदीबाई पस्तिशीच्या, विधवा, दिराच्या घरी राहणाऱ्या. वाचायला त्यांना वेळणेश्वरला वडिलांनी शिकवलं होतं. पण विधवेने प्रेमाची कादंबरी वाचायची म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरीत आळीभर बोभाटा. दीर भाऊराव कचेरीत कारकून. त्यांनी मागेच बजावलं होतं, "वहिनी, वाचायचं तर पोथी वाचा." यावर आनंदीबाईंनी तोड काढली. वाचायचं, पण शिव्या देत. कुणी विचारलंच तर सांगायचं, "असली थेरं वाचून बाई कशी बिघडते, ते या दोघींना कळू दे." शिव्या चालू आहेत तोवर वाचन चालू राहील, हे त्यांनी पक्कं ओळखलं होतं. कधी आवाज कापला, कधी डोळा पाणावला, की पुस्तक चुलीत.

आणि शिव्या देण्यासारखं त्यात होतंही रग्गड. नायिका कुंदलता चंद्र उगवला की रडे, मावळला की रडे.

"हिच्या घरचा भात कोण कांडतो गो?" आनंदीबाई विचारत. "आणि हा लिहिणारा! याला एकदा चिखलात उभा करून लावणी करायला लावली पाहिजे. मग बघू किती चांदणं सुचतं ते."

तुळसा खो खो हसे. काशी मात्र पदराने डोळे टिपत बसे. अशा रडूबाईची आनंदीबाईंना कीव येई, आणि वाचायचं थांबवलं तर ती आणखीच रडे.

त्या दुपारी कुंदलता विहिरीच्या काठावर येऊन उभी राहिली. उसासेराव कधीचा परगावी. आनंदीबाईंना शिवी सुचेना. नेमके तेव्हाच भाऊराव डोकं दुखतंय म्हणून कचेरीतून लवकर आले आणि पडवीच्या दारात उभे राहिले.

"वहिनी, मिटा ते."

"मिटते की. थेरंच आहेत सगळी," आनंदीबाई म्हणाल्या, पण बोट पानातून निघेना.

काशीने डोक्यावरून पदर घेतला. "असं कसं, भाऊराव? बाई विहिरीवर उभी आहे. असल्या अध्यायावर पोथी मिटतात होय? घराला लागतं."

"ती पोथी नाही!"

"नसूं दे," तुळसा म्हणाली, "पण बाय मराया चाललीय ना!"

"मरत नाही गो ती!" भाऊराव कातावले. "तो वेळेवर येतो, हात धरतो, आणि पुण्याला लग्न होतं दोघांचं. झालं समाधान?"

"सांगितलंत कशाला?" आनंदीबाई ताडकन उठल्या. "तो येतो की नाही, या काळजीने मला रात्र रात्र झोप नाही. घास घास पुरवून वाचत्येय मी. आणि तुम्ही खुशाल सगळं ओकून मोकळे!"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. आता पुस्तक जाणार. भाऊरावांनी हात पुढे केलाही.

"पण भाऊराव," काशी भाबडेपणाने म्हणाली, "तुम्हांला हो कसं ठाऊक?"

भाऊरावांचा हात तसाच राहिला. "कचेरीत... बोलतात लोक."

"लग्न पुण्याला होतं, हेसुद्धा बोलतात?" आनंदीबाईंनी विचारलं.

भाऊराव कानापर्यंत लाल झाले. डोकं दुखण्याबद्दल काहीतरी पुटपुटत आत निघून गेले. घरातल्या बायकांना पोथी सांगायची आणि स्वतः चोरून चांदणं प्यायचं! असल्या पुरुषाला उसासेरावाच्या नखाचीही सर नाही, असं आनंदीबाईंच्या मनात आलं, आणि तसं मनात आल्याचा त्यांना आणखीच राग आला.

"वाचा गो, वयनी," तुळसा म्हणाली.

"आता काय वाचू, कपाळ? शेवट सांगून गेला तो."

"पोथीचा शेवट आपल्याला ठाऊक नसतो काय?" काशी म्हणाली. "तरी दरसाल बसतोच ना ऐकायला."

म्हशीएवढी अक्कल हिची, आनंदीबाईंना वाटलं. पण त्या खाली बसल्या, पान उघडलं. कुंदलतेने विहिरीत डोकावलं. इतक्यात दाराआड फळी करकरली आणि मग अगदी शांत झाली. भाऊराव तिथेच उभे होते.

आनंदीबाईंनी दोघींना जवळ सरकायची खूण केली आणि आवाज इतका हळू केला, की त्यातलं अक्षरही दारापलीकडे जाऊ नये.