आढीच्या खोलीतली दुपार

भूत, करणी, भानामती... यातलं मी काही मानत नव्हते, आजही मानत नाही. तरी हे लिहितेय, कारण ते ऐकीव नाही — माझ्याच अंगावरून गेलंय.

तेव्हा कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं. गंगावेशीत आमचा फळांचा धंदा. पन्हाळ्याकडून बैलगाडीनं हिरवे आंबे यायचे. घरामागच्या बिनखिडकीच्या खोलीत भाताच्या पेंढ्यात, पिंजरात, थरावर थर देऊन ते पिकायला ठेवायचे, म्हणजे आढी लावायची. एक डागी फळ राहिलं की शेजारची नासतात, म्हणून ती निवडून काढायचं काम माझ्याकडे.

त्या दिवशी सकाळीच नवी आढी लावलेली, कैऱ्या दगडासारख्या. दुपारी तान्ह्या लेकीला पाजून झोळीत निजवलं आणि मी आत शिरले. ऊब जाऊ नये म्हणून दार लोटून घेतलं. आत्तींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वाटलं आत कुणी नाही. त्यांनी बाहेरून कडी घातली आणि आडावर पाण्याला गेल्या.

मी हाका मारल्या, दार ठोकलं. बाहेरून कसलाच आवाज नाही — गाडीचा नाही, कावळ्याचा नाही. फक्त दाराखालून उन्हाची एक रेघ आत आलेली. म्हटलं, येतील आत्ता.

कुणी आलं नाही. घशाला कोरड पडली तेव्हा कैरी चोखली, दात आंबले. मग डोळा लागला. उठले तर रेघ तिथंच. हाताला आलेलं फळ आता मऊसर, आंबटगोड. पुन्हा झोपले... पुन्हा उठले. रेघ तिथंच. रात्र होतच नव्हती. पुढचा आंबा नुसती साखर! छाती दुधानं दगड झालेली, चोळी भिजलेली, आणि डोक्यात एकच — लेक रडून रडून गप्प झाली असेल. दार खरवडून नखं तुटली. नंतर आंब्यांना वास सुटला, हात घालीन तिथं रस गळायला लागला. छातीचा ठणका कधीतरी थांबला. मला उठून बसवेना.

कडी वाजली. दारात आत्ती, कमरेवर घागर.

"अगं, तू आत हायस व्हय? हाक तरी मारायची की."

"लेक..."

"झोपलीया. आत्ताच तर निजवलीस."

मग त्यांना वास आला. त्यांनी पिंजर वर उचललं. सगळी आढी नासून काळी पडली होती.

लेक जागी झाली, मी तिला छातीशी धरलं. थेंब नाही. शेजारच्या बाळंतिणीनं तिला पाजलं. मला पुन्हा दूध आलंच नाही.

डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या हवेनं भ्रम झाला. झाला असेल. पण आढी आत्तींनीही पाहिली होती.

त्या विषयावर आत्ती पुढं एकदाच बोलल्या. "आडावरनं थेट आले गं मी. कुठं बसले न्हाई." माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण मी आत किती दिवस होते, हे आजवर मला कुणी सांगू शकलेलं नाही.