विहिरीबद्दलचं पत्र

काल सकाळी मी फोनवर एक जुनं पत्र उतरवून सगळ्यांना वाचायला टाकलं आणि चहाचा कप उचलेपर्यंत ते नाहीसं झालं. त्या जागी एकच ओळ होती: ‘हा मजकूर आमच्या नियमांत बसत नाही.’

“एवढ्यात कुणी वाचलं?” मी नातीला विचारलं.

“कुणी नाही, आजोबा. यंत्रच ठरवतं. ‘विहिरीत विष कालवलं’ असं त्या पत्रात आहे ना, त्याला तेवढं पुरतं.”

मी थक्क होऊन बघत राहिलो. जगभर एवढी माणसं बोलतात, ते सगळ्यांचं ऐकतं, आणि गप्प करताना त्याचा हात जराही थरथरत नाही!

माझा थरथरला होता. नोकरीत असताना मी वर्तमानपत्रात वाचकांची पत्रं निवडायचो. रंगाच्या कारखान्यानं शाळेच्या विहिरीत विष कालवलंय, असं सुशीलाबाई नावाच्या शिक्षिकेनं लिहिलं होतं. कारखान्याच्या जाहिराती आमच्या पहिल्या पानावर असत. अख्खी दुपार मी ते पत्र वाचत बसलो आणि शेवटी खणात टाकलं. बाई विचारायला आल्या तेव्हा म्हणालो, “जागा नव्हती.”

जागा होती. आपण काय पुसतोय हे यंत्राला ठाऊक नसतं. मला ठाऊक होतं.

संध्याकाळी वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावरचा सुविचार पुसून मी खडूनं ते पत्र लिहायला घेतलं. अर्ध्यावर हात दुखला, म्हणून थांबलो.

“काका, लिहा की पुढं! विहिरीचं काय झालं?”

मागे वळलो. हातात भाजीच्या पिशव्या घेऊन पाच-सहा जण उभे होते. बाईंचे वाचक, इतक्या वर्षांनी.