दहावा माणूस उभा आहे

आमच्या सिनेगॉगात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. वाडवडिलांनी ते अशुभ ठरवलं आहे. पण सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष तर लागतातच. त्या दहांना मिन्यान म्हणतात, आणि मिन्यान नसेल तर गेलेल्या माणसासाठीचं कद्दीश नावाचं स्तोत्रही म्हणता येत नाही. म्हणून शम्माश, म्हणजे सिनेगॉगचे दिवे, किल्ल्या आणि सगळ्यांची उणीदुणी सांभाळणारा माणूस, दहा शब्दांचं एक जुनं वचन पुटपुटतो. माणसागणिक एक शब्द. वचन पुरं झालं की मिन्यान झालं.

त्या वचनाचा शेवटचा शब्द वर्षानुवर्षं गादीवाल्या काकांच्या वाट्याला येत आला, कारण दुकान उघडण्याआधी ते सगळ्यांच्या शेवटी, धापा टाकत येत.

काका सोफ्या-खुर्च्यांना गाद्या बसवतात. उभा जन्म फरशीवर बसून, दातांत खिळे धरून गेला. गुडघे त्यातच कामी आले. अजूनही ओठ मिटूनच बोलतात, तोंड उघडलं तर खिळे सांडतील अशा बेतानं. खांबाजवळच्या बाकाचं टोक ही त्यांची जागा. माणसानं रोज एकाच ठिकाणी बसून प्रार्थना करावी असं आमचे धर्मपंडित सांगतात. त्या ठिकाणाला माकोम म्हणतात. काकांच्या आधी तिथे त्यांचे वडील बसत. ते वारल्यावर काका मागच्या बाकावर अंग चोरून बसू लागले, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्यानं त्यांना दंडाला धरून पुढे आणलं. म्हणाला, बापाची जागा रिकामी ठेवू नये. हा म्हातारा म्हणजे आताच्या अध्यक्षांचे वडील.

अध्यक्षांना सुधारणा फार आवडतात. फक्त स्वतःपासून सुरुवात करणं तेवढं जमत नाही. त्यांनी बाकं काढून खुर्च्या आणवल्या. गाद्या अर्थातच काकांनी बसवल्या, आणि खांबाजवळच्या गादीत कापूस जरा सढळ हातानं भरला. माणूस आहे, मोह होतो. काम संपल्यावर अध्यक्षांनी खुर्च्यांच्या पाठींवर नावांच्या पितळी पाट्या ठोकून घेतल्या. खांबाजवळच्या पाटीवर अध्यक्षांच्या जावयाचं नाव निघालं. हा जावई दूरदेशी असतो. लग्नानंतर सिनेगॉगात एकदाच आला होता, तेही विसरलेली छत्री न्यायला. काकांना सगळ्यात मागे, कोटांच्या खुंट्यांखाली एक बिनपाटीची खुर्ची मिळाली. आणि पाठोपाठच्या शब्बाथला, शनिवारच्या प्रार्थनेला, अध्यक्ष नम्रता या विषयावर बोलले. बराच वेळ बोलले.

आम्ही काय केलं? माना हलवल्या. आपापल्या पाट्या जागेवर होत्या ना.

काकांनी जाऊन विचारलं तेव्हा अध्यक्ष हसून म्हणाले, "काका, देव काय, कुठूनही ऐकतो."

"मग जावयाला मागे बसवा."

त्या दिवसापासून काकांनी उंबरठा ओलांडला नाही. रोज सकाळी यायचे, कपाळाला आणि दंडाला तेफिलीनचे चामडी पट्टे बांधायचे आणि बाहेर पायरीवर उभं राहून प्रार्थना करायचे. उंबरठ्याबाहेरचा माणूस मिन्यानात धरत नाहीत. आत कुणी कमी पडलं की शम्माश कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला ओढून आणायचा. काकूंनी सुनावलं, की एका खुर्चीपायी देवाशी कट्टी कसली घेता. काका म्हणाले, देवाशी नाही, खुर्चीवर पितळ ठोकणाऱ्याशी.

मग अध्यक्षांच्या वडिलांचा वर्षाचा दिवस आला. त्या दिवशी मुलानं कद्दीश म्हणायचं असतं. आणि नेमका औषधवाला गावाला गेलेला. शम्माशनं वचन सुरू केलं, डोक्यांवरून नजर फिरवत नवव्या शब्दाला आला आणि थांबला. दहावा शब्द तसाच लोंबकळत राहिला. त्यानं पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिलं, जणू मधल्या वेळात कुणी वाढलं असेल. मग सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं.

अध्यक्ष स्वतः उठून गेले. पाटी काढतो, असं म्हणाले असते तर गोष्ट इथेच मिटली असती. ते म्हणाले की काका, आज तरी राग बाजूला ठेवा, धर्माचं काम आहे, खुर्चीचं आपण समितीपुढे घेऊ.

काकांनी ताल्लिथ, प्रार्थनेची ती झालरवाली शाल, खांद्यावर नीट केली.

"तुमचे वडील मला दंडाला धरून आत घेऊन गेले होते," ते म्हणाले. "त्यांच्यासाठी येतो. तुमच्या नावाचं कद्दीश असतं तर विचार केला असता."

आत आले. शम्माशनं दहावा शब्द इतक्या घाईनं म्हटला की तो कुणाला कळलाही नाही. काका थेट खांबाशी गेले आणि जावयाच्या रिकाम्या खुर्चीशेजारी उभे राहिले. आम्ही उठलो, बसलो, पुन्हा उठलो. काका बसले नाहीत. कद्दीशला मात्र त्यांचं आमेन सगळ्यांत मोठं होतं, ओठ पूर्ण उघडून. अध्यक्षांचा आवाज मध्येच बसला. वडिलांच्या आठवणीनं, असं ते नंतर सांगत होते.

प्रार्थना संपल्यावर मी हळूच म्हटलं, काका, कुणी नाहीये, टेका ना.

"पाटी वाचता येते मला," काका म्हणाले.

आता ते रोज आत येतात आणि रोज उभे राहतात, एका हातानं खांब धरून. समितीची बैठक व्हायची आहे. शम्माश पाटी नेमानं पुसतो, त्यामुळे ती छान चमकते. गादीवर अजून कुणी बसलेलं नाही. काकांनी भरली होती तशीच फुगलेली आहे.