साहेबाला पुराण समजावलं तेव्हा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बाप्पा! मी अमरावतीचा पुराणिक, आणि माझ्याइतका ठार मूर्ख पुराणिक अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नाही.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला. सगळं गाव बाजारात! देवळात माझ्यासमोर उरल्या दोन म्हाताऱ्या, त्यातली एक बहिरी. अशात कापूस घ्यायला आलेला एक गोरा साहेब म्हणाला, "पंडितजी, आमच्या जुन्या काव्यातपण राणी पळवतात. तुमच्याकडे?"

मी असा फुललो म्हणून सांगू! "साहेब, पुराण खरं की खोटं, हे विचारू नये. तीच कथा देशोदेशी का सांगतात, हे विचारावं. चला कौंडण्यपूरला! तिथूनच देवानं नवरी रथात घालून नेली, आणि तलवार घेऊन मागे धावलेल्या तिच्या भावाची अर्धी मिशी उतरवली."

घराला कुलूप लावलं. माझी धाकटी विधवा बहीण माझ्याकडेच असायची, पण ती चांदूर बाजारला मावशीकडे गेलेली.

कौंडण्यपूरच्या घाटावर पाटील भेटला. साहेबानं आपलं मराठी पाजळलं, "इथून मुलगी पळवली. कोण? भाऊ कुठे होता?"

पाटलानं चटकन हात जोडले. "साहेब, गावाचा काई दोष नाई! कापसाच्या दलालानं नेली. बैलाच्या दमणीत बसून आले, देवीसमोर माळा घातल्या, अन् नावेतून वर्धा पार!"

"पाहिलंत?" मी साहेबाला म्हणालो. "रथाची दमणी झाली, देवाचा दलाल! लोक कथेला आपल्या काळाचे कपडे घालतात."

"वा! आणि भाऊ?"

"भाऊ अमरावतीचा पुराणिक हाये म्हने," पाटील म्हणाला.

"चूक!" मी ओरडलो. "भाऊ राजपुत्र होता. नीट सांग!"

"मी काहून खोटं बोलू महाराज? पोरीनंच सांगतलं. विधवा होती बिचारी. म्हने, भाऊ पुराणात बुडाला हाये, मी मावशीकडं नाई हे त्याले दिवाळीपर्यंत समजत नाई."

 मी वाळूत बसलो. साहेबाला वाटलं, भक्तीनं बसलो. त्यानं टोपी काढली!

परत आलो तर अमरावतीत पारापारावर कथा रंगलेली. मी नव्हे, लोकच सांगत होते. दमणीला चार घोडे लागले होते. मी तलवार घेऊन मागे धावलो होतो, आणि दलालानं नदीकाठी माझी अर्धी मिशी उतरवली होती.

अहो, मला मिशी कधी नव्हतीच!

हे कोणाला पटवू? वर्षानुवर्षं माझी हजामत करणारा न्हावी माझा ओठ निरखून हळूच म्हणाला, "मनाले लावून घेऊ नका महाराज. उगवंल परत."